नॉर्डलिंगेन आणि रीस विवर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्डलिंगेन नेमकं कुठे आहे?

जर्मनीच्या दक्षिणेला, बव्हेरिया राज्याच्या पश्चिम सीमेजवळ, डोनाउ-रीस जिल्ह्यात. वस्ती वीस हजारांच्या थोडी वर. व्युर्झबुर्गहून आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या फ्युसेनपर्यंत जाणाऱ्या ‘रोमँटिक रोड’वर रोटेनबुर्ग, डिंकल्सब्युल, नॉर्डलिंगेन, हारबुर्ग, डोनाउव्योर्ट अशी गावं ओळीने लागतात. बहुतेक पर्यटक रोटेनबुर्गला मुक्काम करतात आणि नॉर्डलिंगेनला जेवणापुरते थांबून पुढे जातात. तसं करू नका, एवढं सांगण्यासाठीच ही सगळी माहिती इथे एकत्र केली आहे. लाल कौलांची जुनी घरं जर्मनीत इतरत्रही बघायला मिळतात. उल्काघातातून घडलेल्या दगडाचं सेंट गेऑर्ग चर्च आणि त्या आघाताच्या विवरात नांदणारं मध्ययुगीन शहर मात्र इथेच आहे.

शहराभोवतीचा गोल तट म्हणजेच विवराची कड का?

नाही. हा गैरसमज आकाशातून काढलेल्या फोटोंमुळे होतो. फोटोत शहर जवळजवळ वर्तुळाकार दिसतं आणि ‘विवरातलं शहर’ असं वाचलेलं असतं, त्यामुळे तटालाच कड समजलं जातं. तटाचा घेर २.७ किलोमीटर आहे, म्हणजे जुनं शहर आडवं चालत ओलांडायला दहा-बारा मिनिटं पुरतात. विवराचा व्यास मात्र सुमारे २४ किलोमीटर आहे. त्यात शेकडो शेतं, डझनावारी खेडी, नद्या आणि रेल्वेमार्गही मावले आहेत. या सगळ्या सपाट प्रदेशाला ‘रीस’ म्हणतात. काठ असलेल्या परातीसारखी त्याची रचना आहे : मधली जमीन सपाट आणि सुपीक, सभोवती शंभर-दीडशे मीटर उंचीच्या टेकड्यांची किनार. मैदानात उभं राहिलात तर विवरात आहोत हे कळतही नाही. त्यासाठी वर चढावं लागतं.

शहराचा गोल आकार माणसांनी घडवला. इथला पहिला, आतला तट तेराव्या शतकातला. वस्ती त्याच्याबाहेर वाढली तेव्हा १३२७ साली पवित्र रोमन साम्राज्याचा शासक लुडविग याच्या हुकुमाने त्याच मध्याभोवती दुसरा, मोठा तट बांधायला घेतला. आतला तट गेला, पण त्याच्या रेषेवरचे रस्ते वळणावळणाने अजून तसेच आहेत. नकाशा उघडलात तर शहराच्या आत आणखी एक शहर दिसतं.

उल्का पडली तेव्हा झालं काय?

सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी साधारण एक किलोमीटर व्यासाचा अशनी सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगाने इथे आदळला. तेव्हा या भागात वरती चुनखडी, चिकणमाती आणि वालुकाश्माचे थर होते आणि त्यांच्याखाली ग्रॅनाइट व नाइससारखे जुने स्फटिकी खडक. अशनी ते सगळे थर भेदून खाली शिरला. खुद्द अशनीची तर वाफच झाली. विवर तयार होऊन त्याच्या कडा कोसळून स्थिरावायला काही मिनिटंच लागली.

उडालेला माल दोन प्रकारे पसरला. पहिला जमिनीलगत घसरत गेलेला : रंगीबेरंगी माती, चुरा, घराएवढ्या शिळा, सगळं एकमेकांत कालवलेलं. चुनखडीचे काही ठोकळे तर विवराच्या बाहेर पन्नास-सत्तर किलोमीटरवर जाऊन पडले आहेत. दुसरा माल उकळत्या ढगासारखा वर उठून नंतर खाली बसला. अर्धवट वितळलेला खडक, काचेचे तुकडे आणि खडकाचा चुरा एकत्र गोठून जो राखाडी दगड झाला, तो सुएव्हाइट. आजच्या चेकियातील बोहेमिया आणि मोराव्हियात हिरव्या काचेचे खडे सापडतात, दागिन्यांत घालतात ते मोल्डावाइट. तेही याच आघातात वितळून उडालेल्या मातीचे थेंब आहेत. २०० ते ४५० किलोमीटरचा हवाई प्रवास करून ते तिथे पडले.

पुढे विवरात पाणी साठून मोठं खारट तळं झालं. ते लाखो वर्षं टिकलं आणि हळूहळू गाळाने भरून गेलं. आज रीसची शेतं त्या गाळावर आणि नंतर वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीवर उभी आहेत. तळ्याच्या काठाला शेवाळाने रचलेली चुनखडी हाइन्सफार्टजवळच्या ब्युशेलबेर्गवर उघडी पडली आहे. तिच्यात चिमुकल्या गोगलगायींचे शंख नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

हे ज्वालामुखीचं काम नाही हे कसं सिद्ध झालं?

दीडशेहून अधिक वर्षं बहुतेक भूशास्त्रज्ञ ज्वालामुखीच मानत होते, आणि ते चुकीचं वाटावं असं काही नव्हतं. सुएव्हाइट दिसायला ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या दगडासारखाच. त्यात काच आहे, बुडबुड्यांची छिद्रं आहेत. उल्केचं मत मांडणारे अधूनमधून होते, पण उल्केचा तुकडा सापडत नव्हता, त्यामुळे त्यांचं कोणी ऐकलं नाही.

१९६० साली अमेरिकन भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर इथे आले. त्यांनी विवराच्या पूर्वेकडच्या ओटिंग गावातल्या खाणीतून सुएव्हाइटचे नमुने घेतले. एडवर्ड चाओ यांनी ते तपासले आणि त्यांना त्यात कोएसाइट सापडलं. कोएसाइट म्हणजे प्रचंड दाबाखाली वेगळी रचना घेतलेली गारगोटी. इतका दाब पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ कुठलाही ज्वालामुखी देऊ शकत नाही. १९६१ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि वाद मिटला. मला या कथेत सर्वांत भिडतं ते हे की पुरावा कधीच लपलेला नव्हता. शहराच्या मधोमध, चर्चच्या भिंतीत, पाचशे वर्षं तो दगड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

पुढे १९७३ मध्ये विवरात १,२०६ मीटर खोल संशोधन-विहीर खणली. वरती तळ्याचा गाळ, त्याखाली सुएव्हाइटचा जाड थर आणि त्याच्याही खाली भेगाळलेला स्फटिकी खडक, असा क्रम त्यातून हाती आला.

गावातल्या घरांच्या भिंतींत हिरे आहेत, हे खरं का?

खरं आहे, पण त्यावरून जे चित्र डोळ्यांसमोर येतं ते खरं नाही. खालच्या खडकात ग्राफाइट होतं, आघाताच्या दाबाने त्याचे क्षणार्धात हिरे झाले. पण ते इतके बारीक की सर्वांत मोठाही मिलिमीटरच्या अंशाएवढाच. सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत आणि दागिन्यात बसवता येत नाहीत. संपूर्ण परिसरात मिळून ७२ हजार टन हिरे असावेत असा अंदाज नेहमी दिला जातो. आकडा मोठा आहे तो खडक अफाट आहे म्हणून. चर्चच्या भिंतीकडे पाहताना हिरे शोधण्यापेक्षा राखाडी दगडातले काळपट, ओघळ गोठल्यासारखे दिसणारे काचेचे तुकडे शोधा. ते सहज दिसतात आणि बोटाने स्पर्शही करता येतो.

चांद्रवीर इथे का आले होते?

ऑगस्ट १९७० मध्ये ॲलन शेपर्ड, एडगर मिचेल, यूजीन सर्नन आणि जो एंगल हे नासाचे अंतराळवीर रीसमध्ये सरावासाठी आले होते. शेपर्ड आणि मिचेल पुढच्याच फेब्रुवारीत अपोलो १४ मधून चंद्रावर उतरले, ते फ्रा माउरो या भागात. तो भाग एका महाप्रचंड विवरातून उडालेल्या मालाने झाकलेला आहे, म्हणजे त्यांना तिथे मुख्यतः आघातात तुटलेले आणि पुन्हा जुळलेले खडक भेटणार होते. असे खडक ओळखायचे कसे, कुठला तुकडा उचलायचा, कुठला सोडायचा, हे शिकण्यासाठी रीसच्या खाणी उत्तम होत्या.

१९९० साली उघडलेल्या रीसक्राटर संग्रहालयात अपोलो १६ ने आणलेला चंद्राचा दगड ठेवला आहे. संग्रहालयाची इमारत म्हणजे १५०३ सालचं कोठार. आधी संग्रहालय, मग चर्चचा मनोरा आणि तट, हा क्रम ठेवलात तर पुढचं सगळं वेगळ्या नजरेने दिसेल. दोन तास सहज जातात.

मी लोणार पाहिलं आहे. इथे वेगळं काय दिसेल?

हा प्रश्न मराठी मंडळींकडून हमखास येतो, आणि यायलाच हवा. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार आणि हे रीस दोन्ही उल्काघाताची विवरं. दोन्हींना आधी ज्वालामुखीचं काम समजलं गेलं. लोणारचा उल्लेख १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने केला, पण आघाताचा भक्कम पुरावा आला तो १९७० च्या दशकात. तिथल्या बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची दाबाने काच झालेली आढळली. म्हणजे रीसमध्ये गारगोटीने साक्ष दिली, लोणारात फेल्डस्पारने.

फरक आकारापासूनच सुरू होतो. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, रीसचा त्याच्या तेरापट. त्यामुळे लोणार एका नजरेत मावतं. काठावर उभं राहिलं की वाटी, उतरती झाडी आणि तळं सगळं समोर असतं. रीस नजरेत मावत नाही, समजून घ्यावं लागतं. वयाचाही फरक मोठा आहे. खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून काढलेलं लोणारचं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आहे, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात ते काल-परवाचं. रीसचं खारं तळं कधीच गाळाखाली गेलं. लोणारचं अजून जिवंत आहे आणि २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळाचा दर्जाही मिळाला. लोणार बेसाल्टमध्ये आहे, आणि चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच. त्यामुळे चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार फार मोलाचं वाटतं. रीसमध्ये उडालेला माल विवराभोवती जागच्या जागी टिकून आहे, आणि रीसचं महत्त्व त्यात आहे.

दैत्यसूदन मंदिर, काठावरची आणि तळ्याकाठची मंदिरं हा लोणारचा वारसा नॉर्डलिंगेनच्या चर्चपेक्षा जुना आहे. इथली एक गोष्ट मात्र आपण मनापासून शिकावी अशी आहे. शाळकरी मुलांपासून शेतकऱ्यांपर्यंत इथे प्रत्येकाला आपण कुठे राहतो ते ठाऊक असतं. खाणींजवळ फलक आहेत, पायवाटा आखलेल्या आहेत, संग्रहालय आहे. २०२२ मध्ये रीसला युनेस्कोचा जागतिक भूउद्यानाचा दर्जा मिळाला तो या कामामुळेच. लोणारला याहून कमी मिळावं असं काहीच कारण नाही.

तटावरून फिरायला किती वेळ लागतो? तिकीट आहे का?

तिकीट नाही. सगळा घेर पायी, छपराखालून पूर्ण करता येतो. जर्मनीत तटावरून अशी अखंड प्रदक्षिणा घालता येईल असं दुसरं शहर नाही. रमतगमत एक तास धरा. बाल्डिंगर, लोप्सिंगर, डाइनिंगर, राइमलिंगर आणि बेर्गर असे पाच दरवाजे आहेत. कुठूनही वर चढता येतं. माझी शिफारस लोप्सिंगर दरवाजापासून, सकाळी लवकर. आतल्या बाजूला तटालाच चिकटून बांधलेली छोटी घरं, त्यांच्या परसबागा, वाळत घातलेले कपडे दिसतात. लोक इथे राहतात, तेव्हा खिडक्यांतून फोटो काढू नका.

खाली उतरल्यावर एगर नदीच्या फाट्याकाठची, कातडी कमावणाऱ्यांची आळी जरूर पाहा. तिथल्या घरांच्या वरच्या मजल्यांना मोकळे सज्जे आहेत, कातडी वाळवण्यासाठी ठेवलेले.

डानिएल मनोऱ्यावर चढणं झेपेल का? रात्रीची हाक खरंच देतात?

सेंट गेऑर्ग चर्च १४२७ ते १५०५ या काळात बांधलं गेलं. त्याचा मनोरा जवळपास ९० मीटर उंच आहे, लोक त्याला लाडाने डानिएल म्हणतात. पायऱ्या ३५०, लिफ्ट नाही. खालच्या दगडी, वरच्या लाकडी आणि अरुंद. गुडघेदुखी असेल तर टाळा. झेपत असेल तर कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका, कारण विवराची गोल किनार एकसंध दिसते ती इथूनच. तिकीट वर, पहारेकऱ्याच्या खोलीशी मिळतं.

हो, पहारेकरी अजून आहे. रोज रात्री दहा ते बारा, दर अर्ध्या तासाने तो वरून हाक देतो : ‘सो, ग्सेल, सो!’ (साधारण ‘असं, गड्या, असं!’). या हाकेमागची आख्यायिका अशी की १४४० मध्ये ओटिंगेनच्या काउंटने दरवाजाच्या रखवालदारांना लाच देऊन फितवलं. रात्री एक बाई नवऱ्यासाठी बिअर आणायला निघाली, तिने पाहिलं की एक डुकरीण दरवाजाला अंग घासते आहे आणि दरवाजा हलतो आहे, म्हणजे कडी लावलेलीच नाही. तिने आरडाओरडा केला आणि शहर वाचलं. रात्री साडेनऊनंतर चर्चसमोरच्या चौकात जाऊन थांबा. म्हणूनही मुक्काम करावा असं मी सांगतो, कारण दिवसाच्या बसने आलेल्यांना ही हाक ऐकायला मिळत नाही.

इतकी जुनी तटबंदी टिकली कशी?

याचं उत्तर वैभवात नाही, दारिद्र्यात आहे. १२१५ पासून नॉर्डलिंगेन थेट सम्राटाच्या अधीन असलेलं स्वतंत्र शहर होतं. १२१९ मध्ये इथल्या पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या जत्रेचा पहिला उल्लेख येतो. लोकरी कापड, चामडं आणि हंसाची पिसं इथून दूरवर जात. मग मध्य युरोप होरपळवणारं ‘तीस वर्षांचं युद्ध’ (१६१८–१६४८) आलं. सप्टेंबर १६३४ मध्ये शहराबाहेरच्या आल्बुख टेकडीवर स्वीडिश आणि प्रोटेस्टंट फौजांचा सम्राटाच्या आणि स्पेनच्या फौजांनी पूर्ण पराभव केला. स्वीडिश सेनापती गुस्ताफ होर्न कैद झाला. वेढा, उपासमार, प्लेग आणि खंडणी यांत शहर पार खचलं. १६४५ मध्ये आलरहाइमला पुन्हा लढाई झाली. त्यानंतर व्यापाराच्या वाटा दुसरीकडे वळल्या. नवं बांधायला पैसा नव्हता म्हणून जुनं पाडलं गेलं नाही. १८०३ मध्ये शहर बव्हेरियात गेलं.

जत्रा मात्र आजही भरते, आठशे वर्षं उलटून गेल्यावरही.

इतिहासाची काळी बाजूही आहे का?

आहे, आणि शहर ती लपवत नाही. १३८४ मध्ये इथल्या ज्यूंची कत्तल झाली. १५८९ ते १५९८ या काळात चेटकिणी ठरवून ३४ स्त्रिया आणि एका पुरुषाला ठार केलं गेलं. मारिया होल ही खानावळ चालवणारी स्त्री ६२ वेळा छळ सोसूनही कबुलीजबाबाला तयार झाली नाही. १५९४ मध्ये तिला सोडावं लागलं, आणि तिच्या धैर्यामुळे या खटल्यांवरचा लोकांचा विश्वास डळमळला. तिच्या नावाचं कारंजं शहरात आहे. तिथे दोन मिनिटं थांबा.

आसपास काय पाहावं?

गाडी किंवा सायकल असेल तर दुसरा दिवस यासाठीच ठेवा. विवराचा तळ सपाट असल्यामुळे सायकलीला उत्तम.

सर्वांत आधी आउमुले खाण, हाइन्सफार्टजवळ. खाली तांबूस-तपकिरी कालवलेला माल, वर राखाडी सुएव्हाइट, आणि दोन्हींच्या मध्ये सुरीने कापल्यासारखी रेषा. जमिनीलगत घसरलेला माल आणि ढगातून बसलेला माल, दोन्ही एका भिंतीत. भूशास्त्राचा गंध नसलेल्यालाही हे कळतं.

होलहाइमजवळच्या ओफ्नेट गुहांमध्ये १९०८ साली दोन खड्ड्यांत तीसहून अधिक मानवी कवट्या मिळाल्या, मध्याश्मयुगातल्या. गेरूने माखलेल्या, सगळ्या पश्चिमेकडे तोंड करून रचलेल्या, काहींसोबत हरणाचे दात आणि शंख. गुहांच्या खालीच रोमन काळातल्या शेतवाड्याचा पाया आहे.

व्योर्निट्झ नदीवरचा हारबुर्ग किल्ला दक्षिण जर्मनीतल्या सुस्थितीतल्या जुन्या किल्ल्यांपैकी एक. वालरश्टाइनचा एकाकी कडा गावातून अचानक उठलेला दिसतो. बोप्फिंगेनची ईप्फ टेकडी केल्टिक तटबंदीसाठी प्रसिद्ध आहे. वेमडिंगमध्ये ‘काल-पिरॅमिड’ नावाची कलाकृती चालू आहे : १९९३ पासून दर दहा वर्षांनी काँक्रीटचा एक ठोकळा, एकूण १२०, शेवटचा ३१८३ साली. सध्या चारच आहेत. नैऋत्येला चाळीसेक किलोमीटरवर श्टाइनहाइमचं ३.८ किलोमीटरचं धाकटं विवर आहे. त्याच्या मधोमध टेकडी शिल्लक असल्यामुळे त्याचा आकार रीसपेक्षा चटकन समजतो.

रेल्वेची आवड आहे. काही आहे का?

स्टेशनला लागूनच बव्हेरियन रेल्वे संग्रहालय आहे, जुन्या इंजिन शेडमध्ये. वाफेची इंजिनं आहेत आणि काही ठरावीक दिवशी ती गाड्या ओढतातही. तारखा आधी पाहून घ्या.

आणि फुटबॉल?

गेर्ड म्युलर याच गावचा, जन्म १९४५. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीचा विजयी गोल त्याचा. गावच्या मैदानाला त्याचं नाव दिलं आहे.

म्युनिक किंवा स्टुटगार्टहून कसं जायचं?

म्युनिकहून डोनाउव्योर्टला गाडी बदलून, स्टुटगार्टहून आलेनला बदलून. दोन्हीकडून दोन तासांच्या आसपास. फक्त प्रादेशिक गाड्या घेतल्यात तर डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारं मासिक तिकीट, चालतं. स्टेशनपासून तटापर्यंत चालत काही मिनिटं.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही. केझेश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या ताज्या शेवया, जवळपास प्रत्येक खानावळीत मिळतात. त्यात अंडं असतं, आणि काही ठिकाणी मांसाचे तुकडेही घालतात, म्हणून मागवतानाच विचारा. माउलटाशेन मोदकाच्या कुळातले वाटले तरी आत बहुधा मांस असतं. बेकरीत रीसचा खास बाउअर्नटोर्टे मागा : पातळ यीस्टची पोळी, आत सफरचंदाचा गर. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच खरेदी करून ठेवा.

आठवण म्हणून सुएव्हाइटचा तुकडा उचलून आणता येईल का?

संरक्षित खाणींत हातोडा चालवायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. चर्चच्या भिंतीचा तर कणही काढू नका. तो दगड मुळात मऊ, पावसाने झिजतो, आणि त्याची डागडुजी सतत चालू असते. फोटो काढा, जवळ भिंग असेल तर घेऊन जा, आणि नव्याने काम चालू असलेल्या खाणीत जायचं असेल तर मालकाची परवानगी घेऊनच जा.